हसतेय का ती?

न्यू जर्सीत हिवाळ्यात दोन प्रकारचे पाहुणे उतरतात. पहिले लॅब्राडोर, क्विबेक आणि त्याहीवरच्या आर्क्टिकमधून येतात. त्यांना इथला जानेवारी उबदार वाटतो. दुसरे पुणे, ठाणे, नवी मुंबईहून लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला येतात. त्यांना तो कसा वाटतो ते दिवाळी अंकातसुद्धा छापता येणार नाही. दोघांचा मुक्काम साधारण एप्रिलपर्यंत. फरक एवढाच, की पहिले खायला येतात आणि दुसरे करून घालायला.

मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. डिंक, बाळंतशेपा, आळीव असं सगळं बॅगेत कोंबून सौ.बरोबर नेरूळहून एडिसनला आलो, नात झाली, बारसं झालं आणि मग एका शनिवारी मला पहिल्या प्रकारच्या पाहुण्यांना भेटायला नेण्यात आलं. नेणारे आमचे जावईबापू. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून पांघरुणातून हजर राहणारा हा माणूस शनिवारी पहाटे चारला अंधारात उठतो आणि स्वतःच्या हाताने चहा करून थर्मास भरतो. लग्नाआधी आम्ही रीतसर चौकशी केली होती. पगार, पत्रिका, रक्तगट, व्यसन. हिवाळ्यात समुद्रावर बदकं बघायला जातात का, हे कोणालाच विचारायचं सुचलं नव्हतं. स्थळं बघणाऱ्यांनी यापुढे तेवढं विचारून घ्यावं.

"बाबा, उद्या बावीस आहे. मस्त दिवस आहे," जावईबापू आदल्या रात्री म्हणाले. हे बावीस फॅरनहाइटमधले. आपल्या हिशेबात उणे साडेपाच. तेवढ्यात नेरूळहून धाकट्या भावाचा फोन आला. तिकडे सकाळ झालेली. "किती आहे रे तुमच्याकडे?" म्हणाला. "बावीस," मी म्हटलं. "मग इथेही बावीसच आहे की! पंखा दोनवर ठेवलाय." मी खुलासा केला नाही. तो रोज त्याच्या आणि माझ्या नशिबाची तुलना करत असतो. एखाद्या दिवशी बरोबरी झाली तर कुठे बिघडलं?

बावीसची तयारी म्हणजे आधी थर्मल, त्यावर लोकर, त्यावर आणखी काहीतरी आणि सगळ्यात वर पिसं भरलेलं जॅकेट. पिसं कशाची, हे लेबलवर वाचलं. बदकाची. बदकं बघायला बदकं पांघरून जायचं, यात तिथे कोणालाच काही गैर वाटत नाही. डोक्यावर मी माझी माकडटोपी चढवली. लेकीने एडिसनच्या हद्दीत तिच्यावर बंदी घातलेली आहे. पण बाळाजवळ त्या दिवशी विहीणबाईंची पाळी होती, लेक झोपलेली होती आणि सौ. "मीही येते, मला समुद्र बघू दे" म्हणून आधीच गाडीत जाऊन बसली होती. ती मालवणची. समुद्र म्हटलं की तिला तापमान विचारायचं सुचत नाही.

एडिसनहून दक्षिणेला दीडेक तास गेलं, खाडीवरचा पूल ओलांडला, की लाँग बीच आयलंड लागतं. नावाप्रमाणे लांब आणि रुंदीला नावापुरतं. उन्हाळ्यात इथे गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणतात. जानेवारीत रस्त्यावर कुत्रं नव्हतं. आइस्क्रीमची दुकानं फळ्या ठोकून बंद, घरांचे पडदे ओढलेले, आणि सिग्नलसुद्धा लाल-हिरव्याचा नाद सोडून नुसते पिवळे लुकलुकत होते. सगळ्या बेटावर हालचाल काय ती एकाच ठिकाणी, अगदी उत्तर टोकाला, बार्नेगॅटच्या दीपगृहापाशी. तिथल्या पार्किंगमध्ये मात्र पहाटेच गर्दी.

हे दीपगृह 1859 च्या एक जानेवारीला पेटलं. खाली पांढरं, वर लाल, आत 217 पायऱ्या. त्याच्या बांधणीत ज्या जॉर्ज मीडचा हात होता, तो पुढे गेटिसबर्गची लढाई जिंकणारा सेनापती झाला. जावईबापूंनी ही माहिती गाडीतून उतरता उतरता, एका दमात आणि पाठ दीपगृहाकडे करून सांगितली. त्यांना घाई होती. बदकं दीपगृहापुढच्या जेट्टीवर असतात.

जेट्टी म्हणजे होडी लागायचा धक्का नव्हे. खाडीचं तोंड बुजू नये म्हणून समुद्रात लांबवर रचलेल्या प्रचंड शिळांचा बांध. न्यू जर्सीचा किनारा सगळा वाळूचा. खडक औषधालाही नाही. त्यामुळे खडकाळ किनारा लागणाऱ्या पक्ष्यांना इथे यायचं एरवी काही कारण नव्हतं. इंजिनिअरांनी बोटींसाठी दगड टाकले, दगडांवर शिंपले धरले, खेकडी आली, आणि कोणीही आमंत्रण न देता हार्लेक्विन बदकं हजर झाली. अटलांटिकच्या या बाजूला इतक्या दक्षिणेला ती हमखास दिसावीत अशा जागा मोजक्याच आहेत. बाजूला मैलोगणिक नैसर्गिक किनारा पसरलेला असताना ही मंडळी सरकारी बांधकामावर मुक्काम ठोकून आहेत. नवी मुंबईच्या माणसाला यात परकं असं काही वाटत नाही.

सुरुवातीला सिमेंटची वाट आहे, कठडा आहे. कठडा संपला की नुसत्या शिळा, त्यावर शेवाळ, शेवाळावर बर्फाचा पापुद्रा. तिथून पुढे जाणाऱ्यांच्या चालण्यावरून त्यांची जात ओळखता येते. हातभर लांबीची लेन्स पोटाशी धरून खाली बसून सरकतात ते फोटोवाले. त्यांच्या अंगावर झाडापानांच्या नक्षीचे कपडे असतात. आजूबाजूला पाव मैलात पान नाही. राखाडी दगडावर हिरवं झुडूप सरकताना बघून बदकांना काय वाटत असेल ते बदकंच जाणोत. दुसरे स्कोपवाले. हे तीन पायांच्या स्टँडवर दुर्बीण उभी करून जागीच थिजतात. एकेका स्कोपची किंमत जावईबापूंनी मला हळूच सांगितली. माझी पहिली स्कूटर, दुसरी स्कूटर आणि दोन्हींची आजवरची दुरुस्ती त्यात बसून वर पेट्रोलला पैसे उरले असते. तिसऱ्या प्रकारचे हातात वही घेतात. आणि चौथ्या प्रकारात मी, थर्मास घेऊन.

माझ्या माकडटोपीने तिथे जी प्रतिष्ठा मिळवली ती मला उभ्या नोकरीत मिळाली नव्हती. त्या सगळ्यांनी डोक्याला, कानाला, गळ्याला, नाकाला अशी वेगवेगळी, वेगवेगळ्या कंपन्यांची आवरणं लावली होती आणि वारा त्यांच्या फटींतून आत शिरत होता. माझं एकच, आणि फट नाही. एका उंच बाईंनी थांबून विचारलं, कुठल्या ब्रँडची? नेरूळ स्टेशनबाहेरच्या स्वेटरवाल्याची, मी म्हटलं. किंमत? दीडशे रुपये. त्यांनी मनात डॉलर केले आणि बराच वेळ समुद्राकडे बघत राहिल्या.

पक्षी दाखवण्याची त्यांची एक पद्धत आहे. समुद्रात पत्ता नसतो. घर नंबर नाही, वडाचं झाड नाही, वाण्याचं दुकान नाही. म्हणून पत्ता लाटांवरून सांगतात. "लाल बोया दिसतो? त्याच्या डावीकडे, तिसऱ्या लाटेमागे." तुम्ही बोया शोधता, डावीकडे येता, पहिली लाट मोजता, दुसरी मोजता, तोवर तिसरी फुटून वाळूत जिरलेली असते आणि तिच्यामागचं बदक बुडी मारून पाचवीमागे वर आलेलं असतं. सगळे म्हणतात, "अरेरे, आत्ताच होतं." हे वाक्य मी दिवसभरात इतक्यांदा ऐकलं, की तोच तिथला नमस्कार असावा.

तर त्या दिवशी खळबळ उडाली होती. जेट्टीच्या टोकापाशी आयडर बदकांचा थवा होता आणि त्यात एक राजा आयडर असल्याची कुणकुण होती. साधे आयडर इथे हिवाळ्यात असतातच. राजा आयडर त्याहून उत्तरेचा, इथे क्वचित उतरणारा. त्याच्या नराची चोच आणि कपाळ नारिंगी, डोकं निळसर. आंधळ्यालाही ओळखू यावा. पण आलेला नर नव्हता, मादी होती. साध्या आयडरची मादी तपकिरी. राजा आयडरची मादी तपकिरी. दोघींत फरक काय? साधीच्या अंगावरचे पट्टे उभे आणि सरळ, राणीचे बाकदार. साधीचं कपाळ उतरतं, थेट चोचीत विलीन होणारं. राणीचं डोकं जरा गोल. आणि मुख्य खूण म्हणजे राणीच्या चोचीच्या कडेची रेघ किंचित वर वळलेली असते, त्यामुळे ती हसल्यासारखी दिसते.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. उणे साडेपाच, वारा वेगळा. दोनशे मीटरवर उसळत्या समुद्रात तीस-चाळीस तपकिरी माद्या. त्यातली कोणती हसतेय, हे ठरवायला तीन राज्यांतून आलेली सुशिक्षित, सज्ञान माणसं एका डोळ्याने बघताहेत. "चौथी!" "नाही, ती नुसती चोच पुसतेय." "ती मागची?" "तिचे पट्टे सरळ आहेत." "लाट गेली की बघ." लाट जायची आणि सगळ्याच्या सगळ्या एका वेळी बुडी मारायच्या. खाली जाऊन शिंपले कवचासकट गिळायचे आणि पोटातल्या स्नायूंनी फोडायचे, हा त्यांचा उद्योग. अर्ध्याएक मिनिटाने वर आल्या, की सगळ्यांच्या जागा बदललेल्या आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

सौ.ला मी हे सगळं समजावून सांगितलं. रंग कसा, कपाळ कसं, चेहरा हसरा आहे का. ती शांतपणे म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा तुम्ही चौघं असेच एका रांगेत बसला होतात." मग जरा थांबून, "तेव्हा पण लांबूनच ठरवलंत."

आणि ते शिंपले, म्हणजे तिचे शिनाणे, कवचासकट गिळतात हे ऐकून ती आयडरांवर कायमची नाराज झाली. "काय उपयोग? चव कळत नाही त्यांना."

सगळे स्कोप क्षितिजाकडे वळलेले असताना ती मात्र कठड्यावर वाकून खाली बघत होती. तिथे, तिच्या पायांपासून दहा-बारा फुटांवर, जिथे लाट दगडावर आपटून फुटत होती नेमकी तिथे, सहा हार्लेक्विन बदकं होती. इतकी जवळ, की दुर्बिणीत मावेनात. नर पाटीसारखा निळा-करडा, त्यावर पांढऱ्या रेघा, ठिपके, चंद्रकोरी, कुशीला विटकरी. इटालियन नाटकातल्या ठिगळांच्या अंगरख्यातल्या विदूषकावरून हे नाव पडलं. आवाज मात्र उंदराचा, चीं चीं. उन्हाळ्यात ही बदकं डोंगरांतल्या फेसाळत्या ओढ्यांत पिल्लं वाढवतात आणि हिवाळ्यात समुद्रातली सगळ्यात फेसाळती जागा शोधून काढतात; शांत पाणी त्यांना मानवत नाही. संग्रहालयांतले त्यांचे सांगाडे तपासले तेव्हा पुष्कळांची हाडं कधी ना कधी मोडून पुन्हा सांधलेली आढळली. सौ.ने स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. "यांना कुठली ऑर्थो?"

"आणि या मळकट?" तिने नरांशेजारच्या तपकिरी पक्ष्यांकडे बोट केलं. त्या बायका, जावईबापू म्हणाले. नर एवढा नटलेला असतो, पण मादी अंड्यांवर बसली की तो निघतो, सरळ समुद्र गाठतो. अंडी, पिल्लं, सगळं ती एकटी बघते. हिवाळ्यात किनाऱ्यावर परत भेट होते, आणि पुष्कळदा जोडी जुनीच जमते.

"म्हणजे बाळंतपणात गायब, आणि निस्तरलं की हजर," सौ. म्हणाली. जावईबापूंनी घाईघाईने स्वतःच्या पितृत्वाच्या रजेचा उल्लेख केला. त्या रजेतल्या शनिवारी आपण सगळे कुठे उभे आहोत, याकडे कोणी लक्ष वेधलं नाही. आयडरांचं तरी बरं, ते सावरून घेत म्हणाले. त्यांच्या माद्या आपापली पिल्लं एकत्र करतात, स्वतःची पिल्लं नसलेल्या माद्याही मावश्यांसारख्या मदतीला येतात, सगळी मिळून एक पाळणाघर चालतं. हे ऐकून सौ.चा आयडरांवरचा राग थोडा निवळला. चव कळत नसली तरी माणुसकी कळते.

खाडीच्या बाजूने अधूनमधून दबके आवाज येत होते. मी आधी फटाके समजलो. बंदुका होत्या. जानेवारीत तिथे बदकांच्या शिकारीचा मोसम असतो. म्हणजे जेट्टीच्या या बाजूला थिजलेली माणसं बदकं जपून मोजताहेत आणि पलीकडे दलदलीत तितकीच थिजलेली माणसं ती कमी करताहेत. दोघंही पहाटे चारला उठलेले, दोघांच्याही बायका घरी रागावलेल्या. गंमत पुढे आहे. अमेरिकेत शिकाऱ्याला दरवर्षी बदकाचं चित्र असलेलं एक सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं. 1934 पासूनची ही पद्धत. त्या पैशातून पाणथळ जमिनी घेऊन राखून ठेवतात. खाडीपलीकडे चाळीस हजार एकरांहून मोठं फोरसाइथ अभयारण्य आहे. तिथे हेच तिकीट दाखवलं की प्रवेश फुकट. म्हणून पक्षीनिरीक्षकही ते घेतात. जावईबापूंच्या पाकिटात आमच्या लेकीच्या फोटोसमोर ते होतं. यंदाच्या चित्रात बदक फार सुंदर आलंय, ते म्हणाले. लेकीच्या फोटोबद्दल काही म्हणाले नाहीत.

याच किनाऱ्यावर हिवाळ्याला आणखी एक बदक यायचं, लॅब्राडोर बदक. तेव्हा असली तिकिटं नव्हती. शेवटचा नक्की माहीत असलेला पक्षी 1875 मध्ये इथून जवळच, लाँग आयलंडवर मारला गेला. त्याला चवही नव्हती म्हणे. न्यूयॉर्कच्या बाजारात गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे ती बदकं टांगल्या जागी सडायची. तरीही मारत राहिले. या एका गोष्टीवर विनोद करायला मला जमलेलं नाही.

दुपारी वारा वाढला आणि राणीचा शोध थंडावला. तिला बघितलं असं म्हणणारे पाच जण होते. पाचांनी पाच वेगळ्या माद्या दाखवल्या. प्रत्येकाने आपापल्या फोनवरच्या यादीत नोंद केली. या यादीचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. एक यादी जन्माची, एक राज्याची, एक वर्षाची. वर्षाची यादी एक जानेवारीला कोरी होते. त्यामुळे एकतीस डिसेंबरला ज्या चिमणीकडे ढुंकूनही बघत नाहीत, तिच्यासाठी दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत थंडीत उभे राहतात. चिमणी तीच. तारीख बदलली, की ती पुन्हा मोलाची. आणि पत्ता बदलला तर विचारूच नका. एडिसनमध्ये आमच्या इमारतीमागच्या डबक्यात हिरव्या डोक्याची मॅलार्ड बदकं बारा महिने पडलेली असतात. त्यांना कोणी बदक म्हणूनही मोजत नाही. तेच बदक महाराष्ट्रात क्वचित उतरतं, आणि उतरलं तर आपल्याकडचे पक्षीमित्र रात्रीची एसटी पकडून निघतील.

गाड्यांपाशी चहा पीत उभे असताना एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ गप्पा मारायला आले. चहातल्या आल्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी दुसरा कप मागितला. आयुष्यातला सगळ्यात मोठा पक्षी कोणता, असं जावईबापूंनी विचारलं. गृहस्थ खुलले. 2023 मध्ये इडालिया नावाचं वादळ आलं होतं, त्याने कॅरिबियन बाजूचे फ्लेमिंगो उधळले आणि पार ओहायो, विस्कॉन्सिनपर्यंत नेऊन टाकले. त्यातले दोन पेनसिल्व्हेनियातल्या एका तळ्यात उतरले. बातमी कळताच हे काम टाकून चार तास गाडी हाकत गेले. तळ्याकाठी माणसंच माणसं. त्यांनी फोन काढून फोटो दाखवला. गढूळ पाण्यात लांबवर दोन गुलाबी ठिपके. दाखवताना त्यांचा हात थरथरत होता, आणि ते थंडीने नव्हतं.

मला राहवेना. भावाने सकाळीच एक फोटो पाठवला होता. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत लाखभर फ्लेमिंगो उतरतात आणि त्याच्या नेरूळच्या गॅलरीतून समोरच्या तळ्यावरचे दिसतात. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "हे आले परत. वास सुरू." मी तो गृहस्थांपुढे धरला. पाणी दिसत नव्हतं, नुसतं गुलाबी.

त्यांनी चष्मा वर केला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, सरकवलं, आणखी मोठं केलं. बराच वेळ काही बोलेनात. जावईबापू माझ्याकडे बघून हसले; आता शरणागती येणार, अशा भावाने मीही उभा राहिलो.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. कोपऱ्यात, गॅलरीच्या ग्रिलवर, मान वाकडी करून कावळा बसला होता. आपला साधा, करड्या मानेचा. वहिनी रोज सकाळी त्याला पोळीचा तुकडा घालते आणि वर शिव्याही घालते.

"हा माझ्या यादीत नाही," ते म्हणाले. आवाज पूर्ण बदललेला. "किती जवळ बसलाय! नेहमी येतो?"

"हाकललं तरी जात नाही."

त्यांनी खिशातून वही काढली, माझ्याकडून भावाच्या वस्तीचं नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा तपासलं, आणि जानेवारीत तिकडे हॉटेलं कितीला पडतात ते विचारलं. फोटो पाठवाल का, म्हणाले.

"जरूर. फ्लेमिंगोंचाच ना?"

"छे हो. कावळ्याचा. फ्लेमिंगो कापले तरी चालतील."